गडग्यापलीकडचे जवाब

आमच्या काकी कुकरशी भांडत. शिट्टी झाली की पदर खोचून त्याच्यासमोर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "मेल्या, आता न्हय, हयसर होयी होती!" मग तर्जनीनं ओट्यावर एक ठोका देऊन त्याला जागा दाखवायच्या. पुढची शिट्टी योगायोगानं त्या ठोक्यावर आलीच, तर मला पडवीतून हाक मारून सांगायच्या, "आयकलंस? जमला तेका." मी पाणीपुरवठ्याच्या कामावर बदली होऊन मालवणला आलेला ज्युनिअर इंजिनिअर, घाटावरचा. तारकर्लीच्या रस्त्याला त्यांच्या पडवीतल्या खोलीत भाड्यानं राहत होतो. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. दुसऱ्या आठवड्यात आंघोळ करता करता मीही शिट्ट्यांच्या जागा मोजायला लागलो.

वय सदुसष्ट, अंगानं सुकलेल्या सुपारीच्या झाडासारख्या सरळ, आणि पाय कधी म्हणून स्थिर नाहीत. वेळ विचारली तर घड्याळाकडे न बघता सांगायच्या. "काकी, जेवायला किती वेळ?" "दोन फुगडे." म्हणजे दोन फुगड्यांची गाणी म्हणून होतील एवढा. बाजारात नारळ कानाशी धरून टिचकी मारायच्या आणि दुकानदाराला म्हणायच्या, "हेचो आवाज बसलो आसा, दुसरो दी." माझ्या मोटरसायकलवर त्या एकदाच बसल्या. उतरल्यावर म्हणाल्या, "इंजिनेरा, तुझी गाडी चढणीक ताल सोडता. दाखव कोणाक तरी." मी दाखवली. खरंच प्लग गेला होता!

गणपतीतल्या फुगड्यांची गाणी त्यांना किती येत होती याचा हिशेब त्यांनाही नव्हता. पण बसून एक ओळ म्हणतील तर शपथ. एकदा गुडघा दुखावला आणि डॉक्टरांनी आठ दिवस पाय हलवू नका म्हणून सांगितलं, तर आठ दिवस घरात गाण्याचा एक सूर नाही. मी म्हटलं, "काकी, गुडघा दुखतोय, गळा तर बरा आहे ना?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझीच दया आली. "गाणा पायात आसता रे," त्या म्हणाल्या. "गळ्यातसून नुसता भायर येता."

खोली देताना त्यांनी मला एकच अट घातली होती. नॉनव्हेज चालेल, उशीर चालेल, मित्र आले तरी चालतील. "पण हात माझ्या जावेन सोडलो, ह्या तुका मान्य आसा मां?" मला काही कळलं नव्हतं. मी घाईघाईनं मान्य केलं आणि किल्ली घेतली.

मग हळूहळू कळलं. काकींच्या घराला लागूनच त्यांच्या धाकट्या जावेचं घर. दोन्ही सख्ख्या भावांची घरं, मध्ये छातीएवढा चिऱ्यांचा गडगा. एकोणीस वर्षांपूर्वी गणपतीत गावच्या देवळात फुगडीची स्पर्धा होती. शेवटची जोडफुगडी या दोन जावांची. हात पीळ घालून धरलेले, पाय जुळवलेले, अंग मागे झोकलेलं, आणि ऐन भरात हात सुटले. काकी सभामंडपाच्या खांबावर आपटल्या, मनगट मोडलं. धाकट्या काकी बसलेल्या बायकांच्या अंगावर जाऊन पडल्या. बक्षीस शेजारच्या वाडीत गेलं, ते एक असो. पण काकी म्हणाल्या, हात तिनं सोडला. धाकट्या काकी म्हणाल्या, हात हिनं सोडला. आणि पुढच्या वर्षी, कोकणात जे सहजासहजी होत नाही ते झालं. एका घराण्याचे दोन गणपती झाले.

तेव्हापासून बोलणं बंद. म्हणजे एकमेकींशी बंद. दोघींच्या अंगणात, गडग्याच्या अलीकडे-पलीकडे, कपडे धुवायचा एकेक धोंडा होता. बोलायचं ते त्या धोंड्याशी. सकाळी काकी पिळे आपटत मोठ्यानं म्हणायच्या, "आयक रे धोंड्या, आज बांगडे बरे इलेहत. कोणाक होये असतीत तर सांग." थोड्या वेळानं पलीकडून आवाज यायचा, "धोंड्या, सांग तिका, आमच्याकडे आज संकष्टी आसा." मी दात घासत उभा राहून हे सगळं ऐकायचो. दोघे भाऊ मात्र संध्याकाळी गुपचूप किनाऱ्यावर भेटून एकत्र विडी ओढायचे. गावात सगळ्यांना माहीत होतं. दोन्ही बायकांनाही माहीत असणार.

त्यात आली रेश्मा. कणकवलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, गिटार वाजवायची, आणि सुट्टीच्या दिवशी स्कूटरवर बसून खारेपाटणपासून खाली गावोगाव म्हाताऱ्या बायकांची गाणी गोळा करत हिंडायची. ही गाणी गिटार-ढोलकीवर नव्यानं बसवून गावातच, ज्यांची आहेत त्यांच्यासमोर वाजवायची, असं तिनं ठरवलं होतं. ढोलकीला बाबलो होता, जो दिवसा पर्यटकांना होडीतून फिरवायचा आणि रात्री भजनात वाजवायचा. पेटीला कोणी मिळेना म्हणून मी. घरी लहानपणी चार भजनं वाजवली होती, तेवढ्या भांडवलावर! गणपतीत, गौरी यायच्या आदल्या संध्याकाळी, देवळाच्या सभामंडपात कार्यक्रम ठरला. पाच वाजता सुरू, सातच्या आत संपवायचा, कारण सातला घरोघर आरत्या.

काकी पहिल्यांदा रेश्माच्या मोबाइलसमोर उभ्या राहिल्या तो प्रसंग मी कधी विसरणार नाही. तिनं स्टँडवर माइक लावला, काकींना समोर उभं केलं, आणि म्हणाली, "काकी, हलू नका हां, आवाज कमी-जास्त होतो." काकी हलल्या नाहीत. गायल्याही नाहीत. तोंड उघडून नुसत्या उभ्या. मग कपाळावर घाम आला. "इसारलंय," त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. ज्या बाईला शेकडो गाणी येतात तिला एक ओळ आठवेना! रेश्मा रडवेली झाली. मी तिला गुडघ्याची गोष्ट सांगितली. दुसऱ्या रविवारी ती एक बिनवायरचा चिमुकला माइक घेऊन आली आणि तो काकींच्या अंबाड्यात, अबोलीच्या वळेसरात खोचला. काकींनी अंगणात एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि तिसरीला असा आवाज सुटला की बाबल्याचे हात ढोलकीवर आपोआप पडले.

गाणं काय होतं! रेश्मानं इतकी गाणी ऐकली होती, पण हे नव्हतं ऐकलं. सवाल-जवाबाचं गाणं.

"दर्याच्या पाण्याक मीठ कोणी घातला गो, मीठ कोणी घातला?"

आणि काकी थांबल्या. पायांचा ठेका चालू, तोंड बंद. आठ मात्रा तशाच गेल्या, मग पुढचा सवाल.

"माडाच्या नारळात पाणी कोणी भरला गो, पाणी कोणी भरला?"

पुन्हा आठ मात्रा रिकाम्या. रेश्मा म्हणाली, "काकी, याचं उत्तर?"

"जवाब माझे न्हय," काकी म्हणाल्या, आणि हनुवटीनं गडग्याकडे दाखवलं. "तिचे."

"पण तुम्हाला येत असतीलच की. इतकी वर्षं ऐकलंत."

"येतत. पण सवाल घालतली तिना जवाब देवचो नाय. आमच्या सासवेन सवाल माका दिल्यान, जवाब तिका दिल्यान. एका तोंडान दोनय म्हणूक ता काय वकिलाचा काम आसा?"

रेश्मानं मग स्वतः जवाब म्हणायची तयारी दाखवली. काकींनी तिला शब्द सांगायचं साफ नाकारलं. माझ्याकडे तिनं आशेनं पाहिलं, मी पेटीत डोकं घातलं. शेवटी ठरलं की जवाबाच्या जागी गिटार वाजवायची. काकींनी मान हलवली, पण त्या दिवशी जेवताना त्या मला एकदम म्हणाल्या, "इंजिनेरा, माका एकदा ता आख्खा आयकूचा होता रे. मराच्या आदी एकदा." एवढंच बोलून त्यांनी माझ्या ताटात आणखी एक बांगडा टाकला. मला खूप वाईट वाटलं.

मग रोज संध्याकाळी त्यांच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, तालीम. काकींचा सवाल, रेश्माची गिटार. काकींचा सवाल, रेश्माची गिटार. गिटार चांगलीच वाजत होती, पण रिकाम्या जागा रिकाम्याच वाटायच्या. चौथ्या दिवशी, काकींनी दर्याच्या मिठाचा सवाल टाकला, रेश्माचं बोट तारेवर जायच्या आत गडग्यापलीकडून, भांडी घासण्याच्या आवाजातून, जाडसर, खणखणीत आवाज आला:

"सासूच्या डोळ्याआड सुनेन रडान घातला गो, सुनेन रडान घातला!"

माझा पेटीचा भाता अर्ध्यावर राहिला. बाबलो "आवशी" म्हणाला. रेश्मानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. काकींचं मात्र एक पाऊल चुकलं नाही. त्यांनी गडग्याकडे बघितलंही नाही. सरळ पुढचा सवाल टाकला, नारळाचा. पलीकडे तांब्या आपटल्याचा आवाज झाला, आणि जवाब आला:

"तानेल्या भावाक बघून भयणीन भरला गो, भयणीन भरला!"

मग काय विचारता! अंगावर काटा आला म्हणतात तो खरोखरीच आला. काकींनी विचारलं, कुर्लेची, म्हणजे खेकड्याची, चाल वाकडी कोणी केली? पलीकडून उत्तर, "म्हायेराची वाट अडवून घोवान केली गो!" सगळं खापर घोवावर, म्हणजे नवऱ्यावर! बाबलो खदखदून हसला आणि त्याच हसण्यात ढोलकी दुप्पट झाली. गाणं संपलं तेव्हा आम्ही तिघं घामाघूम. काकी धोंड्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "धोंड्या, तिसऱ्या जवाबाक वायच घाई झाली." पलीकडून: "धोंड्या, सवालच उशिरान इलो." पुढचे आठ दिवस तालीम अशीच झाली, गडग्याच्या दोन्ही बाजूंनी. रेश्मा मध्ये गडग्यावर चढून बसायची, एक पाय इकडे, एक तिकडे.

कार्यक्रमाच्या दिवशी सभामंडप खचाखच. मुंबईहून गणपतीला आलेले, वाड्यांवरचे, तारकर्लीच्या किनाऱ्यावर उतरलेले दहाबारा पर्यटक, सगळे. तरुण पोरं मोबाइल उंच धरून. आम्ही मधोमध बसलो, मंच नाही काही नाही, कारण काकींना फेर धरायला जमीन हवी होती. काकी देवळाच्या उजव्या दारानं आल्या, हिरव्या काठाच्या नऊवारीत. धाकट्या काकी डाव्या दारानं आल्या. त्यांना मी इतक्या जवळून प्रथमच बघत होतो. बुटक्या, भरलेल्या अंगाच्या, दंडावर जुनी चांदीची वाकी. दोघींनी देवाला नमस्कार केला, एकमेकींना सोडून बाकी सगळ्यांकडे पाहून हसल्या, आणि फेराच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या. मागे वाडीतल्या पंधरा-वीस बायका.

पहिली चार गाणी रेश्मानं फार छान बसवली होती. पालखीच्या ढोलाची चाल तिनं गिटारवर घेतली तेव्हा म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, आणि जात्यावरची ओवी तिनं एकटीनं, अगदी हळू म्हटली तेव्हा पुढच्या ओळीतली एक आजी डोळे पुसायला लागली. पण लोक वाट बघत होते ती या दोघींची. सव्वासहाला काकींनी पायानं ठेका दिला. मी पेटीवर सूर धरला.

"दर्याच्या पाण्याक मीठ कोणी घातला गो..."

एकोणीस वर्षांनी गावानं ते गाणं अखंड ऐकलं. जवाब आला की अख्खा मंडप तो परत म्हणायचा. बायका एक पाऊल आत, एक बाहेर, टाळी, आणि "फू" असा एकदम श्वास सोडायच्या. तो श्वासच बाबल्याची दुसरी ढोलकी झाला. रेश्मानं गिटारची लाकडी पाठ थापटायला सुरुवात केली. हे तालमीत नव्हतं! मीही काहीतरी वाजवलं जे मला येत नव्हतं. कुर्लेच्या जवाबाला पुरुष असे हसले की छपराचे पत्रे दणाणले. गाणं संपलं. आम्ही शेवटची तिहाई घेतली. लोक टाळ्या वाजवायला लागले.

काकी थांबल्या नाहीत. त्यांचे पाय चालूच होते. टाळ्यांवरून त्यांचा आवाज चढला आणि त्यांनी गाण्यात नसलेला सवाल टाकला:

"धरलेलो हात सांग कोणी सोडलो गो, हात कोणी सोडलो?"

मग धाकट्या काकींनी, एक मात्रा न चुकवता, बरोबर पहिल्या मात्रेवर:

"थोरल्या जावेन खांब बघून सोडलो गो, खांब बघून सोडलो!"

ओरडा झाला नुसता. कोणी शिट्टी मारली. आणि काकींनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. स्वतःच्या सवालाला स्वतःच जवाब दिला: "धाकट्या जावेन भियान सोडलो गो, भियान सोडलो!" म्हणताक्षणी त्यांनाच ते कळलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. नियम मोडला होता.

"बघा! बघा!" धाकट्या काकी गाणं सोडून सरळ ओरडल्या. "जवाब पण हीच देता! सवाल पण हीच! मगे मी कित्याक इलंय?"

"मगे ये हय," काकी म्हणाल्या. "ये. धर. बघूया आज कोण सोडता."

बाबल्यानं माझ्याकडे पाहिलं. काही ठरवायच्या आत दोघी फेराच्या मधोमध आल्या, हातात हात पिळून धरले, पायाला पाय लावले, अंग मागे टाकलं. सदुसष्ट आणि चौसष्ट! "वाजव रे," काकी मला म्हणाल्या. आम्ही वाजवायला लागलो.

आणि मग आमच्या लक्षात आलं की आपण फसलो. जी हात सोडेल तीच एकोणीस वर्षांपूर्वीची गुन्हेगार ठरणार. मग सोडणार कोण? दोघी फिरताहेत, लुगड्यांचा भोवरा झालाय, आणि आम्हाला थांबता येईना, कारण ताल तुटला तर पाऊल तुटणार आणि दोघी आपटणार. रेश्माची एक तार तुटली. ती पाचच तारांवर चालू राहिली. बाबल्याची बोटं सुजली. माझा भात्याचा हात बधिर झाला. साडेसहा झाले, पावणेसात झाले. दोघी मध्येच वेग उतरवायच्या, दम घ्यायच्या, हात मात्र तसेच, आणि पुन्हा सुरू. पोरांनी मोबाइल खाली ठेवले होते. कोणी हसत नव्हतं, सगळे पुढे झुकून ताल धरत होते. तेवढ्यात मी पाहिलं, गर्दीतून काका आणि त्यांचा धाकटा भाऊ उठले आणि जाऊन त्या खांबाला पाठ लावून शेजारी शेजारी उभे राहिले. छाती पुढे काढून, दोघींच्या आणि खांबाच्या मध्ये. माझे डोळे भरून आले. पेटीच्या पट्ट्या दिसेनात.

रेश्मानंच मार्ग काढला. तिनं डोळ्यांनी खूण केली आणि आम्ही लय खाली आणायला लागलो. एकदम नाही, थोडी थोडी, दर आवर्तनाला वाटीभर. दोघींना कळत होतं, पण ताल तो ताल. पायांना ऐकावंच लागतं. गिरकी मंद झाली, मग नुसतं डोलणं राहिलं, आणि शेवटच्या समेला दोघी उभ्या राहिल्या, कपाळाला कपाळ टेकवून, धापा टाकत. हात तसेच, पिळून धरलेले. मंडप उठून उभा राहिला. असा आवाज मी त्यानंतर कुठल्याच गर्दीत ऐकलेला नाही.

गावात घरोघर घंटा वाजायला लागल्या होत्या. लोक पांगले. दोघी तशाच निघाल्या, हात न सोडता, आडव्या आडव्या चालत, आणि मागून दोन भाऊ, रेश्मा, मी. पाणंद अरुंद, पण हात पिळलेले असल्यानं एक पुढे आणि एक मागे असं काही जमेना. घरांजवळ आलो. गडग्याच्या टोकाला वाट फुटते, उजवीकडे काकी, डावीकडे धाकट्या काकी. तिथं दोघी थांबल्या. डावीकडच्या घरातून कोणीतरी हाक मारली की निरांजन पेटवून झालंय, आरतीला खोळंबलेत सगळे.

"सोड गो आता," धाकट्या काकी म्हणाल्या. एकोणीस वर्षांत, धोंड्याला वगळून, थेट जावेला उद्देशून त्यांचा हा पहिलाच साधा शब्द होता. "आरतीक जावचा आसा."

"जा मगे," काकी म्हणाल्या. "आदी तू सोड."

"मी कित्याक? आदी तू."

मी मध्ये पडायला गेलो, तर दोघींनी एकदमच मला गप्प केलं. मग काकींनी आपल्या घराकडे एकदा पाहिलं, पदर दातात धरला, आणि हात न सोडता जावेच्या मागोमाग डाव्या वाटेनं आरतीला गेल्या.